फाल्गुनातली वाट : रतनवाडी ते पाचनई

गुरुवार, रात्र

होळी होऊन पाच दिवस झाले होते. घोटी सोडली, बारी मागे पडली आणि शेंडीच्या अलीकडे गाडीच्या दिव्यांत पळस दिसायला लागला. रात्री तो लाल दिसत नाही. फांद्यांवर काळ्या चिंध्या अडकल्यासारखा दिसतो. मागच्या सीटवर भाचा आणि त्याचे दोन मित्र झोपले होते, नवरा गाडी चालवत होता, आणि मी मनात पुन्हा पुन्हा एकच हिशेब करत होते : पाच माणसं आणि एक वाटाड्या, माणशी चार लिटर, म्हणजे चोवीस लिटर.

पावसाळ्यात भंडारदऱ्याच्या या पट्ट्यात पाय ठेवायला जागा नसते. सप्टेंबरात फुलांसाठी, मे-जूनमध्ये काजव्यांसाठी गर्दी. मार्चमध्ये मात्र कुणी येत नाही. 'डोंगर वाळलेले असतात, काय बघायचं?' असं लोक म्हणतात. बघायला पुष्कळ असतं. काटेसावर, पांगारा, पळस तिन्ही एकदम फुललेले, कुसुंबाला नवी तांबडी पालवी, करवंदीच्या जाळ्यांना पांढऱ्या फुलांचा वास, आणि पानगळीमुळे पक्षी डोळ्यांना दिसतात. पण लोक येत नाहीत यालाही कारण आहे. ते आम्हाला शनिवारी कळलं.

बेत असा : शुक्रवारी रतनगड करून परत रतनवाडीत मुक्काम, शनिवारी कात्राबाईच्या खिंडीतून कुमशेत, रविवारी कुमशेतहून पाचनई, सोमवारी पहाटे हरिश्चंद्रगड. हा बेत कागदावर लिहून घरी सासूबाईंकडे दिला होता. कुठल्या दिवशी कुठल्या गावात, कुणाच्या घरी, आणि सोमवारी संध्याकाळी सातपर्यंत फोन आला नाही तर कुणाला कळवायचं. ११२ त्यांना पाठ होता. वनखात्याचा मदत क्रमांक १९२६ लक्षात राहीना. मग मी म्हटलं, आई, भंडारदऱ्याचं धरण बांधून झालं ते साल. त्या म्हणाल्या, मला ते तरी कुठं ठाऊक होतं! पण त्यानंतर विसरल्या नाहीत.

शुक्रवार : रतनगड

पहाटे पाचला अमृतेश्वराच्या देवळासमोर मामा उभे होते. आमचे वाटाडे. वय साठीच्या आसपास, पायात रबरी चपला, खांद्यावर कोयता आणि हातात रिकामी बाटली. आमच्या जवळ येऊन त्यांनी नाक उडवलं.

"कुणी लावलंय वासाचं?"

भाच्याच्या एका मित्राने डिओ मारला होता. मामांनी त्याला सरळ हापशावर पाठवलं, मान-हात साबणाशिवाय धुवून ये म्हणाले. आग्या मोहोळ. या दिवसांत फुलोरा असल्याने कड्यांना पोळी लागलेली असतात, आणि त्या माश्यांना तीव्र वास, धूर आणि आरडाओरडा तिन्ही खपत नाही. एक माशी डसली की डंखातून सुटणारा वास बाकीच्यांना बोलावून आणतो, म्हणून हात झटकून मारामारी करायची नाही. तोंड-डोकं कापडाने झाकायचं आणि मिळेल त्या वाटेने लांब पळायचं, काटा लगोलग खरवडून काढायचा. हे आम्हाला पुस्तकी ठाऊक होतं. मामांनी वेगळी गोष्ट सांगितली : "पळायचं खरं, पण कड्याच्या बाजूला पळू नका. माशीनं माणूस मरतो त्याच्यापरीस पळताना पडून मरतो."

प्रवरेचं पात्र ओलांडलं. ही नदी इथंच, रतनगडाच्या अंगावर जन्मते आणि थोड्याच अंतरावर धरणात शिरते. पण मार्चमध्ये तिच्या पहिल्या वाटेत नुसते गोटे. नगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यातला सगळ्यात पावसाळी पट्टा हा. जुलैत इथं छत्री उघडायचाही अर्थ नसतो, आणि तरी शिमगा संपला की पाणी शोधावं लागतं. उभा कातळ, उतार तीव्र, माती पातळ. पडलं ते धावत खाली जातं.

झाडीतली वाट सावलीची आहे, पण सोपी नाही. वाळलेल्या पानांचा थर वितभर आणि त्याखाली सुटा घसारा. पावसाळ्यात पाय चिखलात घसरतो ते दिसतं तरी, इथं पान सरकतं का दगड ते पडल्यावर कळतं. मामा काठीने पुढची पानं बाजूला करत होते, आम्ही त्यांच्याच पावलावर पाऊल टाकत होतो. शिड्यांशी आल्यावर एका वेळी एकच जण, आधीचा वर पोचून बाजूला झाल्याशिवाय दुसऱ्याने हात लावायचा नाही. पोरांना हे फार हळू वाटत होतं. वाटू दे.

गणेश दरवाजा, गुहा, मग माथा आणि नेढं. १२९७ मीटरवर डोंगराला आरपार भोक, आणि त्यातून येणारा वारा इतका की टोपी हातात धरावी लागते. उत्तरेला कळसूबाई, तिच्या पश्चिमेला अलंग-मदन-कुलंगची रांग, खाली धरणाचं पाणी. नेढ्यात बसून आम्ही धपाटे खाल्ले आणि अर्धा तास कुणी बोललं नाही. शेजारच्या कड्याला काळी अर्धगोल पोळी लटकत होती. मी मोजली नाहीत.

टाक्यांमध्ये पाणी होतं, हिरवट. त्यात प्लास्टिकच्या दोन बाटल्या आणि कुणाचा तरी मोजा तरंगत होता. काठीने ते काढून पिशवीत घातलं. नवरा म्हणाला, मोजा तू घे, मी बाटल्या घेतो. पाणी गाळून, क्लोरीनचे थेंब टाकून अर्धा तास थांबून घेतलं, पण गरज नव्हती म्हणून दोनच लिटर. साडेअकराला खाली रतनवाडीत. दुपारी गुहेत मुक्कामाचा मोह टाळला याचं बरं वाटलं, कारण वर सहा माणसांचं स्वयंपाकपाणी म्हणजे त्या टाक्यातून आणखी वीस लिटर. आणि चूल म्हणजे विस्तव. वाळल्या गवतात मला चुलीजवळ झोप लागत नाही.

शनिवार : कात्राबाई

हा दिवस माझ्यामुळे बिघडला. साडेचारला निघायचं ठरलं होतं. चारला उठलेही. पण चहा झाला, मग पोहे झाले, मग झुंजुमुंजू झालं आणि देवळामागच्या काटेसावरीवर साळुंक्या, कोतवाल, हळद्या असे इतके पक्षी जमले की मी कॅमेरा काढला. निघालो तेव्हा सहा वाजून दहा मिनिटं झाली होती. मामा दोनदा म्हणाले, "ताई, ऊन थांबत नाही." मी हसून "चला चला" म्हटलं.

रतनगडाची वाट उजवीकडे सोडून आम्ही दाट झाडीतून खिंडीकडे चढू लागलो. इथवर सगळं सुरेख. अंजनीच्या झुडपांवर निळे-जांभळे गोंडे, फांदीवरून फांदीवर उडी टाकणारा एक शेकरू, आणि कुटुरग्याचा कुटरूक्-कुटरूक् असा न थकणारा घोष. पण खिंडीत पोचायला पावणेदहा झाले. कात्राबाईच्या ठाण्यापाशी मामांनी चपला काढून हात जोडले. समोर अजोबाचा पहाड आणि दूर धुरकटात हरिश्चंद्रगड. मागून वारा येत होता तोवर ठीक. पलीकडे पाऊल टाकलं आणि वारा थांबला.

पलीकडचा उतार दक्षिणेकडे तोंड केलेला. झाडी सुरुवातीला, मग विरळ, मग नुसतं वाळकं गवत आणि तापलेला खडक. चढताना घाम येतो म्हणून माणूस पाणी पितो. उतरताना पीत नाही, वाटतं सोपं आहे. भाच्याचा जो मित्र आमच्यात सगळ्यात तगडा, रोज दहा किलोमीटर पळणारा, तो पुढे होता. अकराच्या सुमाराला त्याच्या गप्पा थांबल्या. मला ते लक्षात यायला हवं होतं. बडबड्या माणसाने उन्हात गप्प बसणं हे वाईट लक्षण. थोड्या वेळाने तो एका दगडावर बसला आणि म्हणाला, "मावशी, मला थंडी वाजतेय."

अडतीस अंशांच्या उन्हात त्याच्या हातावर शहारे होते. चेहरा पांढरा, कातडी गार आणि घामाने चिंब, डोकं दुखतंय, मळमळतंय. बाटली बघितली तर सकाळपासून तो पाऊण लिटर प्यायला होता. बाकीचं पाणी पाठीवर जसंच्या तसं. "पुरलं पाहिजे ना," म्हणाला.

सगळ्यात आधी मी त्याला प्रश्न विचारले. आज वार कोणता, गाव कोणतं, सतरा आणि आठ किती. उत्तरं बरोबर आली. मेंदू गोंधळला असता, किंवा कातडी तापून लाल झाली असती, तर तो उष्माघात, आणि मग वाट बघत बसायचं नसतं. मिळेल तेवढं पाणी अंगावर ओतून, वारा घालून आधी अंग थंड करायचं आणि मदत मागवायची. इथं अजून त्याच्या अलीकडे होतो. करवंदीच्या जाळीला लागून एका आंब्याची जेमतेम सावली होती, तिथं त्याला आडवं केलं, पाय सॅकवर ठेवले, बूट-मोजे काढले, नवऱ्याने पंचा भिजवून मानेवर आणि काखेत ठेवला. एक लिटर पाण्यात सहा चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. हे मिश्रण घोट घोट, दर दोन मिनिटांनी. एकदम पाजलं की उलटून पडतं.

मग हिशेब. सहा माणसांत मिळून अकरा लिटर उरलं होतं. सकाळी वेळेवर निघालो असतो तर आत्तापर्यंत कुमशेतच्या पहिल्या घराशी असतो. आता तीन-साडेतीनपर्यंत इथून हलणं शक्य नव्हतं, आणि भिजवायला, प्यायला अकरा लिटर पुरणार नव्हतं.

मामा उठले. "झिरा बघून येतो." मी त्यांच्याबरोबर गेले.

पंधरा मिनिटं आडवं गेल्यावर एक कोरडी घळ होती. तिच्यात दोन मोठ्या धोंड्यांच्या बुडाशी तळहाताएवढं ओलं. मामांनी वरची पानं हाताने अलगद काढली, खाली कुणी तरी दगड लावून केलेला वाटीएवढा खळगा, त्यात बोटभर पाणी. त्यांनी ते पहिलं पाणी उपसून बाजूला टाकलं आणि आम्ही बसून राहिलो. कातळातून थेंब येत होता. बाटली भरायला वीस मिनिटं लागली. नितळ आणि आश्चर्य वाटावं इतकं गार. काठावरच्या चिखलात भेकराचे खूर उमटलेले होते, आणि कुठल्याशा लहान प्राण्याचे पंजे.

दुसरी बाटली भरली, मी तिसरी पुढे केली. मामांनी ती बाजूला सारली.

"बास. गुराखी पोरं येतील आता. आणि रातीला जनावर येतं."

"पण मामा, पोरगा आजारी आहे..."

"म्हणून तर दोन घेतल्या."

मी काही बोलले नाही. त्यांनी पानं पुन्हा होती तशी खळग्यावर पसरली, आपली रिकामी बाटली रिकामीच ठेवली आणि चालायला लागले. सकाळी ही बाटली रिकामी का, असा प्रश्न मला शुक्रवारपासून पडला होता. ती भरायची वेळ आली नाही तर बरं, म्हणून ते ती रिकामी आणतात.

दुपारी एकच्या सुमाराला पोराला लघवी झाली. मामा दर अर्ध्या तासाला तेच विचारत होते, आणि पोर लाजत होतं. रंग गडद, पण झाली. त्यावर मामांचा चेहरा पहिल्यांदा सैल झाला. साडेतीनला त्याची सॅक वाटून घेतली आणि हळूहळू उतरलो. कुमशेतला पोचलो तेव्हा गुरं घराकडे परतत होती. ज्यांच्या घरी उतरलो त्या वहिनींनी आल्याआल्या प्रत्येकाला तांब्याभर पाणी दिलं. नंतर कळलं की ते पाणी त्यांनी उतारावरच्या विहिरीवरून दोन खेपांत आणलं होतं. नवरा आणि भाचा अंधार पडायच्या आत दोन हंडे घेऊन गेले. भाच्याने अर्धा हंडा वाटेत सांडला. वहिनी खूप हसल्या.

रविवार : मुळा ओलांडून

आजारी मित्राला आणि त्याच्या सोबत नवऱ्याला सकाळच्या जीपने राजूरला दवाखान्यात पाठवलं. बरा वाटत होता, पण आदल्या दिवशी ज्याला ऊन लागलं त्याला दुसऱ्या दिवशी पुन्हा उन्हात नेत नाहीत. तो कुरकुरला. दोघं परस्पर पाचनईला येणार होते.

आम्ही चौघं पहाटे पावणेपाचला निघालो. कुणी पोह्यांचं नाव काढलं नाही. मुळेचं पात्र कोरड्या पायांनी ओलांडलं, मधल्या डोहात मासे आणि त्यांच्यावर टपलेला खंड्या. परवा प्रवरा, आज मुळा. या दोन्ही नद्या पुढे नेवाशाजवळ एकमेकींना भेटतात, आणि त्यांच्या पाण्यावर तिकडे उसाचे मळे उभे आहेत. इथं उगमाशी हंडे.

पुढे एक अख्खी सोंड जळलेली. राख अजून मऊ, पाऊल टाकलं की काळा धुरळा. अर्धवट भाजलेली करवी, आणि एका सावरीच्या बुंध्याला वीतभर उंचीपर्यंत चटका. कुणी लावला असेल? मामा म्हणाले, शंभर कारणं. मोहाखालची पानं जाळून जागा साफ करतात, म्हणजे फुलं वेचता येतात. गवत चांगलं फुटेल म्हणून जाळतात. आणि विडी. त्याच जंगलावर पोट आहे हे मामांच्या घरीच दिसलं होतं, ओटीवर वाळत घातलेला बाळहिरडा, म्हणजे हिरड्याची कोवळी फळं. वणवा गेला की हिरड्याचं झाड वाचलं तरी फळ जातं.

डोंगर चढणाऱ्यांनी एक तारीख विसरू नये : ११ मार्च २०१८. तमिळनाडूत थेनी जिल्ह्यात कुरंगणीच्या डोंगरात वाळल्या गवताला आग लागली आणि वाटेवर असलेल्या गिर्यारोहकांपैकी वीसहून अधिक जण गेले. महिना हाच, गवत असंच. आग चढावर माणसापेक्षा वेगाने पळते, म्हणून धूर दिसला की वर धाव घ्यायची नाही. बाजूला, खाली, ओढ्याच्या गोट्यांत, उघड्या कातळावर किंवा आधीच जळून गेलेल्या काळ्या पट्ट्यात जायचं. हे मी त्या सोंडेवर उभं राहून पोरांना सांगितलं. दुसऱ्या मित्राने खिशातून लायटर काढून माझ्या हातात दिला. मी मागितला नव्हता. हा कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्याचा भाग आहे, इथं आग लावणं वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे, वगैरे बोलायची मग गरज राहिली नाही.

नऊ वाजता पाचनईत. दिवसभर ओटीवर लोळलो.

सोमवार : हरिश्चंद्रगड

गडावर मुक्कामाचे नियम बदलत असतात, त्यामुळे पाचनईच्या नाक्यावर विचारूनच जावं. आम्ही मुक्काम खालीच केला होता. पहाटे चारला डोक्याला दिवे लावून निघालो. आजारी मित्र डॉक्टरांच्या परवानगीने सोबत, आणि आता दर वीस मिनिटांनी स्वतःच "पाणी!" असं ओरडायचा. त्याचा अतिरेक झाला होता, पण कुणी अडवलं नाही.

उजाडताना हरिश्चंद्रेश्वराच्या देवळाशी होतो. एवढ्या वेळा आले तरी केदारेश्वराची गुहा पाहिली की मी थांबतेच : पाण्यात उभं मोठं शिवलिंग, चार खांबांपैकी एकच शाबूत, आणि छातीएवढं गार पाणी. लोक त्यात उतरून फेर घालतात. आम्ही काठावर बसलो. पायाला लावलेलं मलम, उन्हाची क्रीम आणि चार दिवसांचा घाम घेऊन त्यात कशाला उतरायचं? दोघा पोरांना उतरायचं होतं, खोटं कशाला सांगू. एक जण गुडघाभर उतरलाही. मग झिऱ्याची गोष्ट काढली तेव्हा वर आला.

कोकणकड्यावर वारा खालून वर येत होता. १८३५ साली कर्नल साईक्स याने इथं इंद्रवज्र पाहिल्याची नोंद आहे, गोल इंद्रधनुष्य आणि त्यात आपली सावली. त्याला ढग लागतात. आमच्या वाट्याला कोकणातला धुरकट पिवळा उजेड आला आणि कड्याखालून वर झेपावणाऱ्या पाकोळ्या. कडा आतल्या बाजूला खोल गेलेला असल्याने काठाशी उभं राहून काही दिसतच नाही. दिसतं ते पोटावर झोपून, तेही दुसऱ्याने पाय धरल्यावर. पाठ कड्याकडे करून फोटो काढणारे दोन जण होते. मामा त्यांच्याजवळ जाऊन शांतपणे काही तरी बोलले. ते मागे आले. काय बोललात विचारलं तर म्हणाले, "फोटोत तुमची चप्पल तुटलेली दिसल, असं म्हटलं." खरंच तुटली होती.

गडाचं तारामती शिखर या वेळी सोडलं. साडेआठ वाजले होते, तिथं जाऊन येईपर्यंत उतरताना ऊन डोक्यावर आलं असतं. मूळ बेतात टोलार खिंडीतून खिरेश्वरला उतरणंही होतं, तेही रद्द. साडेदहाला पाचनईत, अकराला जीप. संध्याकाळी पाच वाजता सासूबाईंना फोन केला. म्हणाल्या, अजून दोन तास होते की.

आठवड्याने, गुढीपाडवा झाल्यावर, मामांना फोन लावला. हिरड्याचा भाव पडलाय, पोरीचं लग्न वैशाखात आहे, या असं सगळं सांगून झाल्यावर त्यांनी विचारलं, "त्यो पोरगा पाणी पितो का आता?"

पितो म्हटलं. झिरा कसा आहे?

"आटला. पाडव्याच्या आदल्या दिवशी बघितला. पानं तेवढी हायेत."